ठाणे जिल्ह्याच्या मापाचं जग

माझ्या मोठ्या नणंदेइतका तोलूनमापून बोलणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे वाक्य त्यांच्या वाचनात आलं तर त्यांचा पहिला प्रश्न असेल, कुठला ठाणे जिल्हा, जुना की नवा? कारण त्यांच्या लेखी कुठलीही गोष्ट नुसती मोठी किंवा नुसती लहान नसते. ती कशाहून तरी मोठी आणि कशाहून तरी लहान असते, आणि ते 'कशाहून' जोवर कळत नाही तोवर बोलणाऱ्याने तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं असा त्यांचा चेहरा होतो. 'खूप' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. आज खूप गर्दी होती म्हणावं तर त्या शांतपणे चष्मा पुसत विचारतात, "चौरस मीटरला किती माणसं?" मग आपण गर्दी विसरतो, आणि दमलेलोही विसरतो.

मी त्यांना ताई म्हणते. लग्न होऊन मी कल्याणजवळच्या मोहन्याला आले तेव्हा त्या तिशीत होत्या आणि मी बावीस वर्षांची. माझं माहेर बार्शीकडचं. गाडीतून उतरल्यापासून मी रडत होते, घर अनोळखी, माणसं अनोळखी, आणि जो तो येऊन 'रडू नको, रडू नको' म्हणत होता, त्यामुळे आणखीच रडू येत होतं. ताई तेवढ्या काही म्हणाल्या नाहीत. पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसल्या आणि माझं पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "तुझा सोलापूर जिल्हा म्हणजे जवळजवळ अर्धा बेल्जियम आहे, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. बेल्जियम कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं. पण आपण सोडून आलो ते काही लहानसहान नव्हतं, त्याची कुणीतरी दखल घेतली, असं काहीतरी मला वाटलं असावं, कारण माझं रडू थांबलं. सासूबाईंनी पुढे कित्येक वर्षं हे आल्यागेल्याला सांगितलं, की आमच्या सुनेला आम्ही साड्या दिल्या, दागिना दिला, पण तिचे डोळे पुसले ते बेल्जियमने.

हे वेड त्यांना लागलं ते मोहन्यातच. सासरे तिथल्या जुन्या कारखान्यात मालाच्या कोठारावर कामाला होते. यंत्रांचे सुटे भाग लाकडी खोक्यांतून यायचे आणि खोक्यांवर काळ्या रंगात देशाचं नाव छापलेलं असायचं. खोकी फोडली की फळ्या कामगारांना वाटून टाकत. सासऱ्यांनी त्या फळ्यांची घरात एक मांडणी केली, त्यामुळे ताईंच्या लहानपणी डाळीचा डबा स्वित्झर्लंडवर आणि तिखटाचा जपानवर असायचा. इतर मुलींनी डबा काढून घेतला असता. ताईंनी शाळेतून नकाशांचं पुस्तक मागून आणलं आणि स्वित्झर्लंड शोधून काढला, तो सापडल्यावर त्याचं क्षेत्रफळ, ते सापडल्यावर शेजाऱ्याचं. एवढं झाल्यावर त्यांना असा प्रश्न पडला, की हे लाखांतले चौरस किलोमीटर कळायचे कसे? आपण पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती? तर ठाणे जिल्हा. बापाबरोबर त्या एकदा एस.टी.ने जव्हारपर्यंत गेल्या होत्या आणि पुऱ्या वाटेत जिल्हा काही संपला नव्हता. तेव्हापासून सगळं जग त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या मापाने मोजायला घेतलं. वह्यांवर वह्या भरल्या. डावीकडे देश, मध्ये आकडा, उजवीकडे 'इतके ठाणे'.

ह्या मापापायी त्यांचं लग्न मोडलं, असं आमच्यात सर्रास बोललं जातं. त्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. स्थळ चांगलं होतं. मुलगा कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेला, घड्याळ चकाकतंय, अत्तराचा वास दारापर्यंत. चहा-पोहे झाले आणि मुलाचे मामा सांगू लागले, की कुवेत म्हणजे काय साधा देश नव्हे, केवढा पसारा, इकडच्या माणसाला कल्पना यायची नाही. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आपले दोन ठाणे जिल्हे. तेही पुरते भरत नाहीत." मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलगा मात्र हसला, असं माझ्या नवऱ्याला पक्कं आठवतं. पण मामांच्या पुढे मुलाच्या हसण्याला त्या काळी किंमत नव्हती. नकार आला. पुढे आणखी दोनतीन स्थळं आली आणि गेली, मग ती येणंही थांबलं. ह्या गोष्टीची त्यांना कधी हळहळ वाटली का, हे मी एकदाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, की मामांना दुखवायला नको होतं, मुलाने विचारलं असतं तर जरा गोड करून सांगितलं असतं. आकडा तोच सांगितला असता, एवढं मात्र त्यांनी लगेच जोडलं.

नोकरी त्यांनी ठाण्यात एका सरकारी कचेरीत केली आणि माजिवड्याला एका खोलीचं घर घेऊन राहिल्या. कचेरीतली सगळी माणसं ज्या कामाचं नाव ऐकून आजारी पडायची, त्या जनगणनेच्या कामाला ताई हात वर करून जायच्या. घरोघर फिरायचं, दारं ठोठावायची, ऊन असो की कुत्रं असो. लोकांची तक्रार एवढीच, की बाई माणसं मोजून निघून जात नाहीत. एका घरी नवं बाळ होतं, बारशाच्याही आधीचं. बाळाची आजी म्हणाली, एवढ्याशाला काय लिहिता, नावसुद्धा नाही त्याला. ताई पायरीवरच बसल्या आणि त्यांनी आजीला समजावून सांगितलं, की आइसलँड नावाचा एक अख्खा देश आहे आणि त्याच्या तिपटीहून जास्त माणसं आपल्या एकट्या कल्याण-डोंबिवलीत आहेत. तर आपल्याकडे एखादं माणूस राहून गेलं तर कुणाला कळणारही नाही, म्हणून तर ते आधी लिहायचं. आजीने आत जाऊन झोपलेलं बाळ उचलून आणलं आणि नीट बघून लिहा म्हणून त्यांच्यासमोर धरलं. हे सांगताना ताईंचा आवाज अजून बदलतो.

चुकीच्या नकाशाशी मात्र त्यांचं उभं वैर आहे. आमच्या ओळखीतल्या एकांनी माजिवड्याच्या एका उंच इमारतीत घर घेतलं, वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. मुलांच्या खोलीच्या भिंतीला छताखालपासून जमिनीपर्यंत जगाच्या नकाशाचा कागद चिकटवलेला. बायका पडदे बघत होत्या, ताई नकाशा बघत होत्या. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं, की काहीतरी बिनसलंय. प्रथम त्यांनी यजमानांना बोलावून ग्रीनलँड दाखवलं, की हे इथे आफ्रिकेएवढं दिसतंय, प्रत्यक्षात आफ्रिकेत अशी चौदा मावतील, हे आपल्या भारताहूनही लहान आहे. यजमान बिचारे हो हो म्हणाले. घर सतराव्या मजल्यावर असूनही आपण कसल्यातरी चोरीत सापडलो, असं त्यांना झालं होतं. तिथवर ठीक होतं. पण थोड्या वेळाने जेवणाची पानं घेतली तर ताई कुठे दिसेनात. जाऊन पाहते तर त्या खोलीत गुडघ्यावर बसलेल्या, भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली, बॉलपेनने न्यूझीलंड काढत होत्या. छापणाऱ्याने तो टाकलाच नव्हता. मी म्हटलं, "ताई, लोकांची भिंत आहे." त्या म्हणाल्या, "महाराष्ट्राहून जरासाच लहान देश आहे गं, असा कसा सोडायचा?" दोन्ही बेटं मापात काढली, खाली नावसुद्धा लिहिलं, आणि मग हात धुऊन जेवायला आल्या. यजमानीण दोन महिने आमच्याशी बोलली नाही. पुढे तिच्या मुलाने शाळेतल्या मित्रांना बोलावून भिंतीवरचा हाताने काढलेला देश दाखवला, तेव्हा कुठे ती निवळली.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात दरवर्षी कुणा ना कुणाला चार शब्द बोलायला सांगतात. एका वर्षी कार्यकर्त्यांना वाटलं, ताई निवृत्त झाल्यात, वाचन दांडगं आहे, त्यांना बोलवू. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की संख्येने पाहिलं तर सर्वांत जास्त बौद्ध चीनमध्ये, पण टक्क्यांनी पाहिलं तर पहिला नंबर कंबोडियाचा, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे आज आपण पाहू. पुढची चाळीस मिनिटं आम्ही तेच पाहिलं. अध्यक्षांनी एक चिठ्ठी पाठवली, मग दुसरी पाठवली. ताईंनी दुसरी चिठ्ठी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि थायलंडकडे वळल्या. खीर थंड झाली. पण मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई मला नंतर म्हणाल्या, "काय बोलली ते समजलं नाही बाय, पन आपून एवढं आहोत सगळीकडं, ऐकून बरं वाटलं."

आणि मग जिल्ह्याचं विभाजन झालं. पालघर वेगळा निघाला. सोय झाली म्हणून लोक खूश होते, कुणी पेढे वाटले. तोवर आम्ही डोंबिवलीला राहायला आलो होतो, तिथे ताई आल्या त्या आजारी माणसासारख्या. माझ्या नवऱ्याला वाटलं, कुणीतरी गेलं. त्यांनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या, चाळीस वर्षांच्या, आणि म्हणाल्या, की सगळ्या चुकल्या. आम्हाला आधी समजलंच नाही. मग हळूहळू ध्यानात आलं, की अवघं जग त्यांनी ज्या काठीने मोजलं होतं ती काठीच कुणीतरी मधून मोडली होती. लक्झेंबर्ग जिल्ह्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यापर्यंत यायचा, तो एका रात्रीत निम्म्याहून मोठा झाला. कुवेत तर चारावर गेला. मला त्या मामांची आठवण आली. नवरा म्हणाला, "ताई, तू जुनाच जिल्हा धर ना, कोण विचारतंय?" त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून दूध आणायला गेला. पुढचे तीन महिने त्यांनी सगळे देश पुन्हा मोजले. आमचा मयूर तेव्हा बारावीला होता. स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तो त्यांना भागाकार करून द्यायचा, आणि मी ओरडले की म्हणायचा, आई, मी भूगोलच करतोय.

मयूर आमचा एकुलता एक. आत्या आणि भाचा ह्यांचं लहानपणापासून आमच्याहून वेगळं असं एक खातं होतं. मी त्याला विचारायची, जेवलास का, बाप विचारायचा, मार्क किती. आत्या विचारायची, आत्ता नेमका कुठे आहेस. सहलीला गेला तरी नेमकं कुठे, कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर. त्यामुळे त्याला सवयच लागली, कुठेही गेला की आधी आत्याला जागा कळवायची. इंजिनिअर होऊन तो मानपाड्याच्या एका कारखान्यात पिशव्या भरायच्या यंत्रांवर लागला, आणि दोन वर्षांत त्याला इंडोनेशियात नोकरी मिळाली, जावा बेटावर, सुरबाया शहरात. माझा त्याला विरोध होता. का होता ते सांगता यायचं नाही, पोटातून होता. तेव्हाही ताईंनीच समजावलं. नकाशा उघडून म्हणाल्या, की पाणी पार करून जायचंय म्हणून लांब वाटतं, एवढंच. मला पटलं नव्हतं, पण त्यांच्या बोटाखाली ते शहर दिसत होतं, जागेवर होतं, म्हणून मी हो म्हटलं.

दीडेक वर्ष सुरळीत गेलं. मग एका सकाळी उठून टीव्ही लावला तर बातमी, इंडोनेशियात भूकंप. पडद्यावर नकाशा आणि त्या देशावर मोठं लाल वर्तुळ, वर्तुळात सगळा देशच बुडालेला. पडलेली घरं, धावणारी माणसं, पुन्हा पुन्हा तेच. मी मयूरला फोन लावला, लागला नाही. नवऱ्याने लावला, लागला नाही. दहा वेळा, वीस वेळा. नवरा एरवी धीराचा माणूस, पण तो स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून आत असा नुसता फिरत होता, आणि दरवेळी काहीतरी विसरल्यासारखा दारात थांबत होता.

आठच्या सुमारास ताई आल्या. माजिवड्याहून थेट रिक्षा करून आल्या होत्या, आणि ही बाई एरवी बसच्या रांगेत तासभर उभी राहील पण रिक्षा करणार नाही. काखेत नकाशांचं मोठं पुस्तक, हातात शिवणाचा दोरा. आल्या त्या टीव्हीचा आवाज बंद करून टेबलाशी बसल्या आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. पान उघडलं. भूकंप झाला तो इथे, म्हणाल्या, सुलावेसी बेटावर. सुरबाया इथे, जावावर. मध्ये हा समुद्र. दोऱ्याचं एक टोक त्यांनी सुरबायावर धरलं, दुसरं भूकंपाच्या जागी, मग दोरा खालच्या मापपट्टीवर ठेवला आणि मला वाचायला लावलं. जवळपास हजार किलोमीटर. "चेन्नईला भूकंप झाला," त्या म्हणाल्या, "तर तू डोंबिवलीत ओटा पुसायची थांबशील का?"

मी नाही म्हटलं. छातीवरचं ओझं उतरावं तसं झालं मला. फोन लागत नाही, कारण अख्खा देश एकाच वेळी फोन करतोय, हेही त्यांनी सांगितलं. नवऱ्याने दोरा हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजून पाहिलं. हजारच. तो खुर्चीत मागे टेकला आणि पहिल्यांदा चहा मागितला. ताईंनी मला पोहे करायला लावले, आम्हा दोघांना समोर बसून खायला लावले. त्यांनी स्वतः खाल्ले नाहीत, घरून खाऊन आले म्हणाल्या. नातेवाइकांचे फोन येत होते. प्रत्येकाला मी हजार किलोमीटर आणि चेन्नई सांगत होते, आणि सांगता सांगता माझा माझ्यावरच विश्वास बसत चालला होता. एकदा नवऱ्याने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला तेव्हा बातमी देणारी मुलगी म्हणाली, इंडोनेशिया हे बेट भूकंपाने हादरलं आहे. बेट. हजारो बेटांच्या देशाला ती एक बेट म्हणाली, आणि ताई काही बोलल्या नाहीत. मी ते ऐकलं, मला जरा चमत्कारिकही वाटलं, पण मी पोह्यांची कढई घासायला गेले.

दुपारी एकच्या सुमारास ताईंचा फोन वाजला. त्या तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी कोथिंबीर निवडत होत्या. फोन कानाला लावून "बोल" एवढंच म्हणाल्या. मग नुसतं ऐकत राहिल्या. ऐकता ऐकता त्यांची पाठ भिंतीला लागली, आणि भिंतीवरून घसरत त्या खाली फरशीवर, पिठाच्या डब्याला टेकून बसल्या. मी घाबरून वाकले तर त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मयूर होता. म्हणाला, "आई, मी ओके आहे, एकदम ओके. तुझा फोन सारखा बिझी येत होता. अगं, रात्रभर सगळे मैदानातच होतो, आता इकडे नेटवर्क आलं. गिरणीची एक भिंत पडली, पण माणसं सगळी बाहेर पडलेली."

मी म्हटलं, कसली गिरणी? कसलं मैदान? भूकंप तर तुझ्यापासून हजार किलोमीटरवर झाला. मग तो म्हणाला, "आत्याने सांगितलं नाही का तुला? मी सुलावेसीला आलेलो ना, आठ दिवसांसाठी, तेलाच्या गिरणीत मशीन बसवायला. छोट्या विमानाने यायचं होतं म्हणून तुला बोललो नाही, टेन्शन घेतलं असतंस. आत्याला माहीत होतं."

मी खाली पाहिलं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. हातात कोथिंबिरीची जुडी तशीच होती.

म्हणजे पहाटे बातमी ऐकल्यापासून त्यांना माहीत होतं. तो कुठल्या बेटावर आहे, बेटाच्या कुठल्या किनाऱ्यावर आहे, भूकंपापासून किती लांब आहे, सगळं. माजिवड्याच्या त्या खोलीत त्यांनी खरं अंतर आधी मोजलं असणार. मोजल्याशिवाय त्या राहिल्याच नसत्या. ते मोजून, मग रिक्षा करून, आमच्यासमोर बसून त्यांनी दुसराच दोरा ताणला. आणि पाच तास एकट्याने ते सांभाळलं. आम्ही पोहे खाल्ले.

नवऱ्याचं फोनवर बोलून झालं. तो आत आला. त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला रागही आलेला होता. दोन्ही एकदम कसं करायचं, ते त्याला कळत नव्हतं. बहिणीसमोर फरशीवर बसून तो म्हणाला, "ताई, तू आम्हाला खोटं सांगितलंस."

"अंतर बरोबर सांगितलं," ताई म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात, "सुरुवात दुसरीकडून केली."

नवरा हसायला लागला. रडता रडताच हसायला लागला, आणि मग मीही. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून लहान मुलांसारखे हसत होतो आणि ताई मध्ये बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या, ह्यांना झालंय काय म्हणून. शेवटी मी विचारलं, ताई, का केलंत असं? त्या म्हणाल्या, "काही करता येत नव्हतं गं. तिघांनी जीव टांगून बसण्यापेक्षा एकीने बसलेलं बरं." मग त्यांनी मला पोहे उरलेत का विचारलं. उरले नव्हते. मी नवे केले आणि त्यांनी दोन बशा खाल्ल्या. तिसऱ्या बशीला नको म्हणाल्या, आणि उठून टीव्हीपाशी गेल्या. त्यांनी वृत्तवाहिनीचा नंबर शोधून फोन लावला आणि तिथल्या कुणालातरी ठणकावून सांगितलं, की इंडोनेशिया हे बेट नाही. ते ऐकताना मला जे सुख झालं ते सांगून कळायचं नाही. घर पुन्हा जागेवर आलं होतं.

दोन महिन्यांनी मयूर सुट्टीवर आला. थोडा वाळला होता, बाकी धडधाकट. पंधरा दिवस आत्या आणि भाचा टेबलाशी डोकी जोडून बसायचे. त्याने तिकडून जाड कागदावरचा सुलावेसीचा नकाशा आणला होता, आणि कुठे झोपलो, कुठली भिंत पडली, मैदान किती मोठं होतं, हे सगळं तो आत्याला बोटाने दाखवायचा. त्या मन लावून ऐकायच्या. मी पलीकडे भाजी चिरत बसायची आणि ऐकत नाही असं दाखवायची.

परत जायच्या दिवशी आम्ही तिघं त्याला विमानतळावर सोडायला गेलो. सकाळचं विमान होतं, सिंगापूरला बदलून पुढे. ताई विमानतळावर पहिल्यांदाच आलेल्या. दारापाशी शहरांच्या नावांचा मोठा फलक होता, नावं सरकत होती, आणि ताई तो खालपासून वरपर्यंत वाचत उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, आपणही जाऊ या का एकदा, मयूरकडे, तुमचा पासपोर्ट काढू. त्या फलकावरची नजर न काढता म्हणाल्या, की आधी तो नीट पोचू दे. तो आत गेला. काचेपलीकडून त्याने हात केला. आम्ही दोघांनी हात हलवले. ताईंनी हलवला नाही, त्या फक्त बघत राहिल्या, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आणि नंतरही.

येताना गाडी माजिवड्याला थांबवली तर त्या उतरल्या नाहीत. "आज तुमच्याकडेच येते," म्हणाल्या. तीस वर्षं एकटी राहिलेली ही बाई, आग्रह करकरून थकलो तरी मुक्कामाला थांबायची नाही. घरी आल्यावर त्यांनी दोन घास खाल्ले आणि मयूरच्या खोलीत जाऊन पडल्या. चार वाजता मी चहा घेऊन गेले तर त्या गाढ झोपलेल्या होत्या, चष्म्यासकट, त्याच्याच पांघरुणात, एका कुशीवर. झोपेत त्या मला अगदी लहानशा वाटल्या. कशाहून लहान, ते मला सुचलं नाही. मी त्यांचा चष्मा काढून उशाशी ठेवला आणि चहा झाकून बाहेर आले.

साडेपाचच्या पुढे फोन वाजला. मयूरचा निरोप होता, सिंगापूरला उतरलो. नवऱ्याला सांगितलं. मग त्या खोलीच्या दारात जाऊन मी जरा वेळ उभी राहिले, उठवावं की झोपू द्यावं असं मनात करत. शेवटी उठवलंच. खांद्याला हात लावून म्हटलं, ताई, सिंगापूरला उतरला तो. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, "बरं झालं," म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपल्या.